मोज्याच्या शिवणीपासून सुरुवात: ऑटिझम असलेल्या मुलाचा रोजचा दिवस सोपा कसा करायचा

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना रोज सकाळी बूट घालायच्या वेळी घरात रणकंदन व्हायचं. लाथा, किंकाळ्या, दारावर डोकं आपटणं. आधी आम्हाला वाटलं शाळेचा कंटाळा असेल, मग वाटलं हट्ट आहे, मग वाटलं आमच्याच लाडाने बिघडला. दोन महिने समजावलं, आमिषं दाखवली, ओरडूनही झालं. शेवटी एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं आणि स्पर्श-आवाजासारख्या जाणिवा सांभाळायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) त्याच्या पायातला मोजा काढला, उलटा केला आणि पुन्हा चढवला. बोटांवरची शिवण बाहेरच्या बाजूला गेली. मुलगा उठला, बूट घातले आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

आपल्याला जाणवतही नाही असा तो जाडसर धागा त्याला बुटातल्या खड्यासारखा टोचत होता. ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, आणि ते विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

सगळे प्रश्न इतक्या स्वस्तात सुटत नाहीत, हे आधीच सांगते. पण तेव्हापासून मी शोधायची जागा बदलली. मुलाच्या वागण्यावर उपाय करण्याआधी त्या वागण्याच्या आधी काय घडलं ते बघायचं. ज्यांच्या मुलाचं निदान नुकतंच झालंय किंवा ज्यांना शंका येतेय, त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकले, खरं तर ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, त्या क्रमाने पुढचं लिहिते आहे.

१. आधी शब्दाचा अर्थ लावून घ्या

ऑटिझम म्हणजे मेंदूच्या विकासाची वेगळी घडण. ती जन्मापासून असते आणि आयुष्यभर राहते. मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात, पण मला तो शब्द फसवा वाटतो. मूल स्वतःतच रमलंय, त्याला आपली गरज नाही, असा त्यातून अर्थ निघतो. माझ्या मुलाला माणसं हवी असतात. फक्त एका वेळी एक, आणि हळू आवाजात.

निदान करताना दोन गोष्टी बघतात. पहिली, सामाजिक देवाणघेवाण आणि संवादातल्या अडचणी: नावाने हाक मारल्यावर न बघणं, बोटाने वस्तू न दाखवणं, गप्पांचा चेंडू परत न टाकणं. दुसरी, तोच तोचपणा आणि ठरावीक आवडी: वस्तू रांगेत लावणं, हात फडफडवणं, रस्ता बदलला की कोसळणं. आवाज, स्पर्श, प्रकाश, वास हे फार जास्त किंवा फार कमी जाणवणं याच दुसऱ्या भागात येतं. गंमत म्हणजे घराघरांत सगळ्यात जास्त छळणारी ही बाब अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या निकषांत थेट आली ती २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत 'अ‍ॅस्पर्जर' हे वेगळं निदान काढून सगळं एका 'ऑटिझम स्पेक्ट्रम'खाली घेतलं.

स्पेक्ट्रम म्हणजे 'थोडा' ते 'खूप' अशी फूटपट्टी नव्हे. एखादं मूल अस्खलित बोलतं, पण टूथपेस्टच्या फेसाने ओकाऱ्या काढतं. दुसरं एक शब्द बोलत नाही, पण खोलीत चाललेलं सगळं बोलणं त्याला समजत असतं. तेच मूल रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. रिपोर्टवर 'लेव्हल १, २, ३' असं लिहिलेलं असतं. आज किती आधार लागतो याचा तो अंदाज असतो. मूल पुढे किती शिकेल याची ती मर्यादा नाही.

आता अपराधीपणाबद्दल, कारण तो पहिल्या आठवड्यातच घरात शिरतो. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला तपासलेल्या ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ऑटिझम वैद्यकाच्या नकाशावर आला. (ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी मॉस्कोत अशाच मुलांबद्दल त्याआधी, १९२५ मध्येच लिहिलं होतं. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.) पुढची दोन-तीन दशकं थंड, प्रेम न करणाऱ्या आयांमुळे हे होतं अशी समजूत डॉक्टरांमध्येच पसरली होती. १९७७ मध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसलं. नंतरच्या संशोधनाने ते पक्कं केलं. तुमच्या नोकरीमुळे, मोबाइलमुळे किंवा गरोदरपणातल्या रडण्यामुळे हे झालेलं नाही.

लसीमुळेही नाही. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा शोधनिबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, तोही फक्त १२ मुलांवरचा. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तो अभ्यास २०१९ मध्ये आला आणि गोवराच्या लसीचा संबंध आढळला नाही. नातेवाइकांनी विषय काढला की मी एवढी दोन वाक्यं बोलते आणि उठते.

२. शंका आली की वाट बघू नका

'मुलगे उशिराच बोलतात' हे वाक्य आम्ही दीड वर्ष पुरवून वापरलं. तुम्ही वापरू नका. वर्षाचं मूल नावाला प्रतिसाद देत नाही, दीड वर्षाचं मूल 'ते बघ' म्हणून काही दाखवत नाही, नकला करत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, यातलं काहीही दिसलं की बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगा. शब्द किंवा कौशल्यं गेली असतील तर त्याच आठवड्यात.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाचणी असते. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तीत शंका निघाली तर पुढची तपासणी करायची, एवढाच तिचा अर्थ. निदान डेव्हलपमेंटल पेडिअ‍ॅट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), बालमनोविकारतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ करतात, मुलाला बघून आणि तुमच्याशी तपशिलात बोलून. रक्ततपासणी किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही. मात्र ऐकण्याची तपासणी नक्की करून घ्या. हाकेला ओ न देण्यामागे कानाचा दोषही असू शकतो.

जाताना दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्या: एकट्याने खेळतानाचा, जेवतानाचा, हाक मारल्यावरचा. दवाखान्यात मूल एक तर गोठतं किंवा नेमकं त्याच दिवशी शहाण्यासारखं वागतं. आणि रिपोर्ट यायला महिने लागणार असतील तर स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी तोवर सुरू करा. त्यासाठी निदानाचा शिक्का लागत नाही.

मुलींबाबत जरा जास्त सावध राहा. बऱ्याच जणी इतरांचं बघून हसणं, मान डोलावणं, बोलणं हुबेहूब उचलतात. शाळेत 'शांत, गुणी' म्हणून कौतुक होतं आणि घरी आल्यावर दप्तर फेकून तासभर रडणं होतं. 'शाळेत तर काहीच त्रास नाही' असं शिक्षक म्हणाले की प्रश्न मिटला असं नाही.

३. एक वही ठेवा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. साधी शंभर पानी वही घ्या आणि मुलाचा स्फोट (किंचाळणं, मारणं, चावणं) झाला की त्याच दिवशी चार गोष्टी लिहा: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. 'खूप चिडला' असं लिहू नका. कॅमेऱ्याला जे दिसलं असतं तेच लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

'मंगळवार, ५.४०. आधी: घरात चार माणसं, दोघं एकदम बोलत होती, मिक्सर चालू. दुपारचा डबा अर्धा परत. काय केलं: कान झाकले, स्वयंपाकघराच्या दाराशी दोन फेऱ्या, मग ताईच्या हाताला चावला. नंतर: आतल्या खोलीत नेलं, दिवा बंद. ११ मिनिटांत शांत.'

त्या दिवशी मला फक्त चावणं दिसलं होतं. दोन आठवड्यांनी वही उलगडून बसले तेव्हा दिसलं, की १४ पैकी ९ स्फोट संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या आत झाले होते आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीत डबा अर्धा परत आलेला होता. म्हणजे शाळेतून दिवसभराचा गोंगाट अंगावर घेऊन यायचा, पोटात भूक असायची पण भूक म्हणून कळायची नाही, आणि त्याच वेळी घरातली सगळी माणसं परतायची. कान झाकणं आणि दाराशी फेऱ्या मारणं या त्याच्या सूचना होत्या. चावणं सगळ्यात शेवटी होतं.

मग आम्ही तीन बदल केले. घरी आल्यावर पहिला अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, 'आज काय केलं शाळेत?' हा प्रश्न तर अजिबात नाही. न विचारता खायला समोर ठेवायचं. मिक्सर त्या वेळेत बंद. पुढच्या दोन आठवड्यांत वहीत नोंदवायला चार स्फोट होते.

वही वाचताना स्वतःला विचारा: या वागण्यातून त्याला काय मिळालं? बहुतेक वेळा उत्तर चारांपैकी एक असतं. हवी ती वस्तू, नको त्या गोष्टीतून सुटका, कुणाचं तरी लक्ष, किंवा शरीराला हवी असलेली जाणीव. उत्तर सापडलं की तेच मिळवायचा सोपा मार्ग शिकवायचा. गृहपाठ फाडून सुटका मिळत असेल तर 'ब्रेक' लिहिलेलं कार्ड शिकवा. आणि ते दाखवलं की सुरुवातीला प्रत्येक वेळी, खरोखर प्रत्येक वेळी, ब्रेक द्या. कार्डापेक्षा कागद फाडणं जास्त कामाचं ठरलं तर मूल कागदच फाडणार.

पण या सगळ्याच्या आधी दुखणं तपासा. शांत मूल अचानक स्वतःला मारू लागलं, डोकं आपटू लागलं, तर कान, दात, घसा, पोट बघून घ्या. बद्धकोष्ठता या मुलांत फार आढळते आणि न बोलणाऱ्या मुलाची पोटदुखी आपल्याला 'वागणूक' म्हणूनच दिसते. फिट्सचं प्रमाणही ऑटिझममध्ये इतरांपेक्षा जास्त असतं. मूल क्षणभर गोठल्यासारखं होतं, हाकेला आणि स्पर्शालाही प्रतिसाद देत नाही, असं वारंवार दिसलं तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

४. घर त्याच्या कानांनी, डोळ्यांनी तपासा

एक दिवस एका खोलीत दहा मिनिटं गप्प बसा. ट्यूबलाइटची गुणगुण, फ्रिजचं सुरू होणं, पंख्याची कटकट, शेजारचा टीव्ही, फिनाईलचा वास. आपला मेंदू हे गाळून टाकतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांचा मेंदू गाळत नाही, सगळं सारख्याच जोराने आत येतं. सार्वजनिक स्वच्छतागृहातला हात वाळवायचा ड्रायर घ्या. आपल्याला तो नुसता आवाज वाटतो. माझा मुलगा त्याच्या भीतीने तीन-तीन तास लघवी धरून ठेवायचा. कानांवर लावायचे इअर डिफेंडर पिशवीत ठेवायला लागल्यापासून ते थांबलं.

उलटा प्रकारही असतो. काही मुलांना जाणीव कमी होते म्हणून ती आदळतात, उड्या मारतात, शर्टाची कॉलर चावतात. त्यांना 'बस एका जागी' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नको म्हणणं. अभ्यासाआधी भिंत ढकलणं, जड पिशवी उचलणं, ट्रॅम्पोलिन, चावायला सुरक्षित वस्तू, असं काहीतरी द्यावं लागतं. नेमकं काय, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून ठरवा. एकाला शांत करणारा झोका दुसऱ्याला ओकारी आणतो.

शरीराच्या आतल्या जाणिवाही, म्हणजे भूक, तहान, लघवी, थंडी, धूसर असू शकतात. 'भूक लागली का?' असं विचारत बसण्यापेक्षा घड्याळाने चाला: ठरावीक वेळी पाणी, ठरावीक वेळी स्वच्छतागृह.

हात फडफडवणं, डुलणं, गोल फिरणं याला स्टिमिंग म्हणतात. कुणाला इजा होत नसेल तर थांबवू नका. मूल त्यानेच स्वतःला सावरत असतं. 'लोक बघतात' ही अडचण लोकांची आहे. हे मी आता सहज लिहिते, पण पहिली दोन वर्षं मी त्याचे हात धरून ठेवायचे. त्याची मला लाज वाटते.

५. बोलणं आणि बोलण्यापलीकडचं

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना तहान लागली की माझ्याकडे येऊन म्हणायचा, 'तुला पाणी हवंय का?' मी म्हणायचे, 'नको रे राजा.' तो रडायचा. पाणी मिळतं त्या क्षणी कानावर जे वाक्य पडतं, तेच त्याने पाण्याचं नाव म्हणून उचललं होतं. याला एकोलेलिया म्हणतात आणि ती निरर्थक पोपटपंची नसते. जाहिरातीतलं, कार्टूनमधलं वाक्य मूल पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. बऱ्याचदा अर्थ तिथे सापडतो. अशा वेळी आपण त्याच्या बाजूचं वाक्य म्हणायचं, 'मला पाणी हवंय', आणि लगेच पाणी द्यायचं. तो नीट बोलेपर्यंत पेला हातात धरून ठेवायचा नाही.

बोलताना वाक्य लहान ठेवा आणि मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण तीन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतो, तोही वेगळ्या शब्दांत, आणि त्याच्या डोक्यातली जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते. 'पळू नको' ऐवजी 'चाल' म्हणा. 'नको' सांगितलं की काय करायचं ते कळत नाही.

वाक्प्रचार जपून वापरा. आजोबा एकदा चिडून म्हणाले, 'तोंड सांभाळ हं!' मुलाने दोन्ही हातांनी गाल घट्ट धरले आणि तसाच उभा राहिला. 'एक मिनिट थांब' म्हणालात तर साठ सेकंदांनी हजेरी लागणार, हे गृहीत धरा.

मूल बोलत नसेल किंवा फार कमी बोलत असेल तर चित्रकार्डं, बोलका टॅबलेट, खुणा यांतलं काहीतरी आजच सुरू करा. 'चित्रांची सवय लागली तर बोलणार नाही' ही भीती प्रत्येक घरात असते. संशोधनात तसं दिसत नाही, काही मुलांत बोलणं वाढतंच. फक्त दोन नियम पाळा. कार्डं मुलाच्या हाताशी कायम असली पाहिजेत, थेरपीच्या तासापुरती कपाटातून काढायची नाहीत. आणि तुम्हीही बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवा. स्वतः न बोलता कुणाला भाषा शिकवता येत नाही. पहिली कार्डं फक्त वस्तूंची नकोत. 'नको', 'थांब', 'मदत', 'दुखतंय' ही आधी हवीत.

डोळ्यांत बघायची सक्ती करू नका. बऱ्याच ऑटिस्टिक प्रौढांनी सांगितलंय, की एक तर ते बघू शकतात किंवा ऐकू शकतात.

६. दिवस भिंतीवर लावा

पुढे काय होणार हे माहीत नसणं या मुलांना फार जड जातं, आणि तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. म्हणून दिवसाचा क्रम दिसला पाहिजे. सुरुवात अख्ख्या दिवसाने करू नका. फक्त दोन चित्रं: 'आधी' अंघोळ, 'मग' झोका. हे आठवडाभर जमलं की तीन-चार चित्रांची पट्टी करा, वेल्क्रोने चिकटवा आणि काम झालं की मुलालाच चित्र काढून डब्यात टाकू द्या. तो डब्यात टाकण्याचा आवाज माझ्या मुलाला बक्षिसापेक्षा आवडायचा. वाचता येत असेल तर नुसती यादी पुरते.

एक कामाचं कार्ड म्हणजे 'बदल'. ते वाईट बातमीच्या दिवशी पहिल्यांदा काढू नका. आधी गोड बदल करा: अभ्यासाच्या चित्रावर 'बदल' लावून बागेचं चित्र द्या. असं दहा-बारा वेळा झालं की मग कधी तरी बाग रद्द होऊन दवाखाना आला तरी कार्ड ओळखीचं असतं. रडणं होईल, पण आभाळ कोसळणार नाही.

एका कामातून दुसऱ्यात जाताना वेळ दिसणारा टायमर ठेवा. वाळूचं घड्याळसुद्धा चालतं.

७. स्फोट होतो तेव्हा

हट्ट आणि मेल्टडाऊन, म्हणजे ताण असह्य होऊन फुटणं, बाहेरून सारखे दिसतात. हट्ट करणारं मूल मधूनच तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये हवी ती वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, कारण ते आता त्याच्या ताब्यात नसतं. त्या वेळी शिकवणं, तर्क, धमकी काहीच आत पोचत नाही.

शब्द कमी करा, माणसं कमी करा, प्रकाश आणि आवाज कमी करा. जवळची टोकदार, जड वस्तू हलवा. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा. दाबून धरू नका, पालथं तर कधीच नाही, श्वास अडकू शकतो. बाहेर असाल तर बघ्यांना उत्तर देत बसू नका. मी एक छापील चिठ्ठी ठेवते, 'माझ्या मुलाला ऑटिझम आहे. कृपया थोडी जागा द्या.' ती नुसती पुढे करते.

थांबल्यावर लगेच 'असं का केलंस?' नको. पाणी द्या, अंधारी खोली, पांघरूण. थकवा तासन् तास राहतो. काही मुलं फुटत नाहीत, मिटतात: बोलणं बंद, नजर रिकामी, टेबलाखाली जाऊन बसणं. हाही तोच ताण आहे, फक्त त्याने कुणाला त्रास होत नाही म्हणून लक्षात येत नाही.

८. केस कापणं, खाणं, झोप

केस कापण्यात एकदम पाच गोष्टी येतात: मशीनचा आवाज, मानेवर पडणारे केस, गळ्याभोवती कापड, अनोळखी माणसाचा हात आणि कधी संपणार ते माहीत नसणं. म्हणून सुटी सुटी करून सवय लावा. पहिला आठवडा मशीन बंद अवस्थेत नुसतं हातात. मग दुसऱ्या खोलीत चालू. मग जवळ चालू, पण टेकवायचं नाही. मग पाठीमागे टेकवून 'एक, दोन, तीन, झालं'. आकड्यावर खरंच थांबा. आम्हाला सात आठवडे लागले. दात घासणं, नखं कापणं, डेंटिस्ट, सगळ्याला हीच रीत लागू पडते.

खाण्यात पोत, रंग, वेष्टन यांचा काटेकोरपणा असतो. चालणाऱ्या पदार्थात नवा पदार्थ लपवू नका. पकडले गेलात तर चालणारा पदार्थही जातो, आमच्याकडे गेला. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत शेजारी ठेवा, खायची अट नको. वजन घटत असेल किंवा पदार्थांची यादी आखडत चालली असेल तर आहारतज्ज्ञाकडे जा, वाट बघू नका.

झोपेचे त्रास फार सामान्य आहेत. रोज तोच क्रम, खोली अंधारी, झोपण्याआधी स्क्रीन बंद, एवढं करूनही रात्री दोनला घर जागं असेल तर डॉक्टरांशी बोला. मेलाटोनिन (झोपेसाठी दिलं जाणारं हार्मोन) स्वतःच्या मनाने देऊ नका.

९. पळून जाणं

अमेरिकेतल्या २०१२ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात चार वर्षांवरच्या ऑटिस्टिक मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं. सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. दाराला उंचावर कडी लावा, उघडल्यावर वाजणारी घंटी लावा, कपड्यावर किंवा हातातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर ठेवा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पोहायला लवकर शिकवा. मूल सापडत नसेल तर पहिला माणूस जवळच्या पाण्याकडे धावला पाहिजे, घर शोधणं त्यानंतर.

१०. शाळेला एक पान द्या

रिपोर्टची वीस पानं शिक्षक वाचणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एकाच पानावर लिहा: काय आवडतं, कशाने बिघडतं, बिघडायच्या आधी काय दिसतं, तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही. शांत कोपरा, संमेलनात कानांना संरक्षण, तोंडी सूचना फळ्यावरही, मधल्या सुट्टीत एक ठरलेला मित्र, एवढ्या मागण्या बहुतेक वर्गांत जमतात.

वर्गातल्या मुलांनाही थोडं शिकवावं लागतं. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं, की गैरसमज दोन्हीकडून असतो: ऑटिस्टिक माणसाला इतर जसे कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. 'तुमच्या मुलाला मिसळता येत नाही' हे वाक्य ऐकलं की मला हे आठवतं.

११. उपचारांच्या बाजारात

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. रिस्पेरिडोन (२००६) आणि अ‍ॅरिपिप्राझोल (२००९) यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती ऑटिझमसोबतच्या तीव्र चिडचिडीसाठी. गरज असेल तर ती उपयोगी पडतात, पण वजन आणि इतर दुष्परिणामांवर लक्ष ठेवावं लागतं. 'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत या. शरीरातले धातू काढणाऱ्या चिलेशनमध्ये २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. ब्लीचसारखी द्रव्यंही 'उपचार' म्हणून विकली जातात.

थेरपी निवडताना मी तीन प्रश्न विचारते: मला खोलीत बसता येईल का? मूल नाही म्हणालं तर तुम्ही काय करता? तीन महिन्यांनी घरात काय सोपं झालेलं दिसेल? वर्तनावर आधारलेल्या एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस) या थेरपीबद्दल मतभेद आहेत. सुरुवातीच्या काळात तीत शिक्षाही वापरली जायची आणि अनेक ऑटिस्टिक प्रौढ तिच्याबद्दल कडवटपणे बोलतात. आजच्या पद्धती बऱ्याच बदलल्या आहेत, तरी 'हात फडफडवणं बंद' हे कुणाचं उद्दिष्ट असेल तर ती जागा आपली नाही, असं माझं मत. तासांचा ढीगही लावू नका. मुलाला खेळायला आणि काहीच न करायलाही वेळ लागतो.

भावंडाला आठवड्यातला एक ठरलेला तास फक्त त्याचा द्या, आणि तो स्फोटाच्या दिवशीही मोडू नका. माझ्या मुलीने हे स्वतः मागितलं, मी आपणहून दिलं नव्हतं.

१२. मोठं होताना

वयात येणं हा या मुलांसाठी सगळ्यात मोठा 'बदल'. सॅनिटरी पॅड, दाढी, घामाचा वास, बंद दार, कुणी कुठे हात लावायचा नाही, हे सगळं वेळ यायच्या वर्षभर आधीपासून चित्रांनी, शरीराच्या अवयवांची खरी नावं वापरून शिकवा. पॅड आधी नुसतं घालून बसायची सवय करा. 'नको' म्हणायचा हक्क लहानपणापासून मिळाला नसेल तर तेराव्या वर्षी तो अचानक शिकवता येत नाही, आणि धोका तिथेच असतो.

या वयापासून त्याच्याबद्दलचे निर्णय त्याला विचारून घ्यायचे. निदानही त्याला सांगायचं, साध्या शब्दांत. माझ्या मुलाने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे मोज्यांचं कारण हेच का?' आता तो तेरा वर्षांचा आहे. त्याच्या खोलीच्या दारावर, मी त्याच्या लहानपणी त्याच्यासाठी करायचे तशीच पट्टी त्याने माझ्यासाठी लावली आहे: '१. दार वाजव. २. थांब. ३. मी हो म्हटलं की ये.' दुसऱ्या पायरीला मी अजून चुकते.